एसी चालू आहे, पण रॅक थंड आहे का?

उन्हाळ्यात दुपारी दोननंतर इंटरनेट अडखळायला लागतं आणि संध्याकाळी सात-आठला आपोआप सुधारतं. ग्राहक केबलवाल्याला बोल लावतो, केबलवाला वरच्या लाइनला. पुष्कळदा दोष दोन्हीकडे नसतो. गल्लीतल्या कंट्रोल रूममधला रॅक तापलेला असतो आणि त्याचा पत्ता कुणालाच नसतो.

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये असे रॅक कुठे कुठे दडलेत ते शोधायला गेलात तर थकाल. शिवाजी चौकातल्या दुकानांच्या पोटमाळ्यावर, शांतीनगर आणि १७ सेक्शनमधल्या इमारतींच्या जिन्याखाली, जुन्या बॅरकच्या पत्र्याखाली, दवाखान्यात औषधांच्या कपाटामागे. कुणाचा फायबरचा ओएलटी, कुणाचा कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, कुणाचा हिशेबाचा छोटा सर्व्हर. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये याच जातीच्या यंत्रांसाठी स्वतंत्र कूलिंग प्लांट आणि चोवीस तास माणसं असतात. इथे एक टेबल फॅन आणि दाराला कुलूप. हा लेख त्या कुलूपवाल्यांसाठी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही वाचावा, कारण त्यांचा एनव्हीआर बहुधा वॉचमनच्या केबिनमध्ये प्लायच्या बंद खोक्यात कोंडलेला असतो.

आधी हिशेब. रॅकमधली यंत्रं जेवढी वीज खातात तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून एसी किती टनाचा घ्यावा, पंखे किती लावावेत, हे विचारण्याआधी रॅक किती वॉट घेतो ते मोजा. रॅकसाठी सबमीटर असेल तर तासाभरात किती युनिट सरकलं ते पाहा. ०.४ युनिट म्हणजे ४०० वॉट. एक ओएलटी, एक राउटर, दोन-तीन स्विच, एक एनव्हीआर आणि वर यूपीएसची गळती धरली की आकडा साधारण याच आसपास येतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत ४०० वॉट सोडले आणि भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं, तर खोलीतली हवा मिनिटाला पाऊण अंशाने तापते. भिंती शोषतात, त्यामुळे वेग पुढे मंदावतो. पण मे महिन्यात पश्चिमेची भिंत स्वतःच तापलेली असते, तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

हवा किती खेळवायची याचं सूत्र सोपं आहे. वॉटला १.७६ ने गुणा आणि आत शिरणारी हवा बाहेर पडेपर्यंत किती अंश तापलेली चालेल त्या आकड्याने भागा. उत्तर मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते. ४०० वॉट आणि १० अंश धरले तर सुमारे ७० घनफूट. बाजारात मिळणाऱ्या १२० मिलिमीटरच्या पंख्यावर ८०-१०० घनफूट लिहिलेलं असतं, म्हणून एक पुरेल असं वाटतं. तो आकडा मोकळ्या हवेतला. पुढे जाळी, मागे वायरींचा गुंता आणि वर धूळ आली की निम्मी हवाच हाती लागते. दोन पंखे लावा, आणि बॉल बेअरिंगचेच लावा. साध्या बुशचे पंखे उष्णतेत आणि आडवे बसवले की लवकर घरघरायला लागतात.

आता मूळ मुद्दा. खोली थंड असणं वेगळं आणि यंत्र थंड असणं वेगळं. एसीच्या रिमोटवर २२ दिसतं म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि काचेच्या दाराआड रॅकच्या वरच्या खणात ४३ अंश असतात. हे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत, ते दोन वेगळ्या जागांचे आहेत. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे. २००८ पूर्वी ती २० ते २५ अशी कडक होती. यातला ‘शिरणारी’ हा शब्द सोडू नका. तापमान यंत्राच्या तोंडाशी मोजायचं असतं, खोलीच्या मधोमध नाही. साधारण सर्व्हरला ३५ अंशांपर्यंत चालतं असं उत्पादक सांगतात, तेही तोंडाशीच.

शिरणारी हवा गरम होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाहेर फेकलेलीच हवा पुन्हा आत येणं. भिंतीवरच्या ६ यू किंवा ९ यूच्या रॅकला पुढे काचेचं दार असतं. ते दिसायला छान आणि कामाला वाईट. काच काढून जाळीचं दार लावा, किंवा दारच काढून ठेवा आणि खोलीला कुलूप लावा. रॅकच्या छतावरच्या पंख्यांच्या वर पोटमाळ्याची फळी टेकली असेल तर रॅक वीतभर खाली घ्या. पंख्याच्या अंगावर दोन बाण असतात, एक पातं कुठे फिरतं ते दाखवणारा आणि दुसरा हवा कुठे जाते ते. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. शंका असेल तर टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहा. दोन पंखे समोरासमोर उलट-सुलट बसवलेले रॅक चांगल्या चांगल्या दुकानांत पाहायला मिळतात.

रिकामे खण उघडे ठेवू नका. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. तेवढ्या मापाच्या कोऱ्या पट्ट्या मिळतात, नाहीतर पत्र्याच्या कापून घ्या. पुठ्ठा मात्र नको, तो जळतो. उघड्या खणाच्या फटीतून मागची गरम हवा पुढे येते आणि वरचं यंत्र तीच पुन्हा गिळतं. स्विचचं आणखी एक आहे. काही स्विच पुढून हवा घेऊन मागे सोडतात, काही मागून घेऊन पुढे, आणि काही डावीकडून उजवीकडे. एकाच मॉडेलचे उलटसुलट प्रकारही विकले जातात. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला स्विच शेजाऱ्याच्या तोंडावर गरम हवा सोडत असेल तर दोघांचंही आयुष्य कमी होणार. बाजूने हवा घेणाऱ्या स्विचच्या जाळीवर पॅच कॉर्डचा भारा बांधला असेल तर तो आजच हलवा.

लाइट गेली की

कॅम्प तीनमध्ये खरी परीक्षा महावितरणची लाइट जाते तेव्हा होते. यंत्रं इन्व्हर्टरवर चालू राहतात आणि एसी बंद पडतो. म्हणजे उष्णता तयार होतच राहते, फक्त ती बाहेर काढणारं कुणी उरत नाही. बॅटरी जितकी मोठी तितका हा शेकोटीचा काळ लांबतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा वाहिनीच्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज काही तास गेली होती. असा दिवस क्वचितच येईल हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये एक-दोन तासांचं जाणं काही नवं नाही. तेव्हा रॅकचे पंखे बॅटरीवर हवेतच. १२ किंवा ४८ व्होल्टचे डीसी पंखे थेट बॅटरी बँकेवर घेतले तर त्यांचा खर्च नगण्य असतो.

एसीला ‘ऑटो रिस्टार्ट’ आहे का हे एकदा खरोखर तपासा. मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी चढवा आणि एसी स्वतःहून सुरू होतो का ते बघत उभे राहा. पुष्कळ घरगुती एसी रिमोटची वाट बघत बसतात. रात्री तीनला लाइट दहा मिनिटं गेली आणि सकाळी नऊला कुणी दार उघडलं, तर मधले सहा तास रॅक भट्टीत होता. तापमान २४-२५ वर ठेवा. १८ वर ठेवल्याने यंत्रं जास्त टिकतात हा गैरसमज आहे, उलट कॉइलवर बर्फ धरतो. पावसाळ्यात तर १८ धोक्याचंच. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. थंडगार खोलीची खिडकी जुलैत ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून उघडली की ते दव यंत्राच्या पत्र्यावरच धरतं. जमल्यास दोन छोटे एसी घ्या आणि ते आळीपाळीने चालवा. एक मोठा बिघडला की सगळंच थांबतं.

श्रीमंतांनाही हे चुकलेलं नाही. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडचा पारा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला, तेव्हा लंडनमधल्या गूगल आणि ओरॅकलच्या डेटा सेंटरमधली शीतकरण यंत्रणा कोलमडली आणि सेवा खंडित झाल्या. तिथे ४० ही शतकातली घटना, बदलापूर-अंबरनाथला मार्च-एप्रिलची.

बॅटऱ्या रॅकच्या आत ठेवू नका. एसएमएफ बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांमधून हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ निघते, ती तांब्याला खाते. त्यांना वेगळा, वारा खेळता कोपरा द्या. वजनाचाही विचार करा. अशी एक बॅटरी पन्नास-साठ किलोची, आठ म्हणजे अर्धा टन, तोही चार-पाच चौरस फुटांवर. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बॅटरी बँक चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा. तळमजला घेतलात तर २६ जुलै २००५ चा पूर आठवा आणि सगळं मांडणीवर, कमरेच्या वर ठेवा.

वालधुनीचा वारा

कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात नसलेली एक गोष्ट इथल्या माणसाला माहीत हवी. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. तिच्या काठी राहणाऱ्यांना सडक्या अंड्यांचा वास ओळखीचा आहे. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून रसायन सोडल्यामुळे शेकडो लोकांना श्वास घेणं कठीण झालं होतं. सडक्या अंड्यांचा हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि चांदी-तांब्याशी त्याचं वैर आहे. २००६ नंतर युरोपच्या नियमांमुळे सर्किट बोर्डांतलं शिसं गेलं, अनेक बोर्डांवर त्याजागी चांदीचा मुलामा आला, आणि गंधकयुक्त हवेत असे बोर्ड मरण्याच्या तक्रारी जगभर वाढल्या. काळा थर हळूहळू सरकत शेजारच्या ट्रॅकला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. कार्ड ‘उडालं’ म्हणून आपण नवं घालतो, वर्षभरात तेही जातं.

एक्झॉस्ट फॅन इथे दुधारी आहे. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो खरा, पण तेवढीच हवा दाराच्या, खिडकीच्या फटींतून आत येते आणि नाल्याकडची असेल तर वास घेऊन येते. धुळीची जाळी वायू अडवत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो. म्हणून नदी-नाल्याच्या जवळ असाल तर खोली बंद करून आतलीच हवा एसीने फिरवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा. एसी परवडत नसेल तर हवा जिन्याच्या बाजूने, वरच्या अंगाने घ्या. तुमच्या खोलीची हवा कशी आहे हे पाहायचं असेल तर सराफाकडून शुद्ध चांदीचा पातळ तुकडा आणा, तांब्याची एक पट्टी घासून लख्ख करा, दोन्ही रॅकच्या तोंडाशी महिनाभर टांगा. या कामाच्या आंतरराष्ट्रीय मानकात महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपर्यंतचा थर चालतो. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तो प्रयोगशाळेतच मोजता येतो. पण महिन्याभरात चांदी काळीठिक्कर पडली तर आकडा कशाला हवा?

कापडाचे तंतू आणि लाकडाचा भुसा यांबद्दल वेगळं सांगायला नको. जीन्सच्या शिलाईखाली किंवा सुताराच्या शेजारी रॅक असेल तर जाळी महिन्याला नव्हे, आठवड्याला झटका.

कळणार कसं

कूलिंग आणि देखरेख ही दोन वेगळी कामं समजली जातात. पैसे पहिल्यावर खर्च होतात, दुसरं ‘नंतर बघू’ म्हणून राहतं. माझ्या मते बंद पडल्याचं कळत नाही असा पंखा म्हणजे नसलेला पंखाच. दोन्ही एकाच दिवशी करा.

सुरुवात तीन सेन्सरांनी होते. एक रॅकच्या पुढे खाली, एक पुढे वर, एक मागे हवा बाहेर पडते तिथे. डीएस१८बी२० हा छोटा तीन पायांचा सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो, फक्त बाजारात त्याच्या नकला फार आहेत. आणल्यावर तिघांना एकत्र बांधून तासभर ठेवा आणि सारखे आकडे देतात का ते पाहा. एका ईएसपी३२ बोर्डावर तिन्ही चालतात. या तीन आकड्यांत बराच निदानाचा मसाला असतो. पुढच्या खालच्या आणि वरच्या सेन्सरमध्ये पाच-सहा अंशांचा फरक पडला तर गरम हवा पुन्हा आत येते आहे, कोऱ्या पट्ट्या बघा. भार तोच असताना पुढच्या-मागच्यातला फरक १० वरून २० झाला तर हवा निम्मी झाली आहे. म्हणजे जाळी तुंबली किंवा एक पंखा थांबला. तिन्ही एकदम वर चढले तर खोलीचा एसी गेला.

पंखे घेताना तीन किंवा चार वायरींचे घ्या. तिसरी वायर फेऱ्यांचा हिशेब देते, दर फेरीला दोन ठोके. मिनिटाला २४०० फेऱ्यांचा पंखा सेकंदाला ८० ठोके देतो. ते ६०-६५ वर आले की बेअरिंग जायला लागलं. थांबलेला पंखा हाताला कळतो, थकलेला फक्त मीटरला.

यंत्रं स्वतःही बरंच बोलतात, फक्त आपण ऐकत नाही. राउटर आणि मॅनेज्ड स्विच एसएनएमपी या भाषेत आपलं तापमान, व्होल्टेज, पंख्याची अवस्था सांगतात. १९८८ पासूनची ही सोय आहे आणि लिब्रेएनएमएस, झॅबिक्ससारखी फुकट सॉफ्टवेअर तिचे आलेख काढतात. स्विचमध्ये फायबर जोडणारं एसएफपी मॉड्यूलसुद्धा तापमान, लेझरचा करंट, पाठवलेला आणि आलेला प्रकाश असे आकडे देतं. साध्या एसएफपीची मर्यादा ७० अंश. प्रकाश तेवढाच ठेवण्यासाठी लेझरचा करंट महिन्यागणिक वाढत असेल तर ते मॉड्यूल म्हातारं झालंय, मरण्याआधी बदला. हार्ड डिस्कही स्मार्ट यादीत तापमान दाखवते, एनव्हीआरच्या मेनूत सापडेल. ५५ च्या वर सतत राहणारी डिस्क मला आवडत नाही. एक काळजी मात्र घ्या. एसएनएमपीचा ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला आणि ते दार बाहेरच्या इंटरनेटला उघडं ठेवू नका.

स्विच साधे, अनमॅनेज्ड असतील तर? रॅकसमोर एक कॅमेरा लावा. त्यात दिवे दिसतात, मोबाइलवर घरबसल्या कळतं. जुगाड आहे, पण चालतो.

इशारा कधी द्यायचा हे ठरवताना हात आखडता ठेवा. तोंडाशी ३२ ला सूचना, ३८ ला धोका, आणि ३० च्या खाली आल्यावरच ‘ठीक’. एकच आकडा ठेवलात तर पारा त्याच्यावर-खाली नाचत राहतो आणि रात्रभर फोन वाजतो. दुसऱ्या आठवड्यात माणूस तो फोन म्यूट करतो, आणि म्यूट केलेली घंटा नसल्यात जमा. दहा मिनिटांत तीन अंश चढले तर मात्र आकडा कितीही असो, घंटा वाजायला हवी.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. इशारा पाठवणारं यंत्र त्याच ब्रॉडबँडवर असतं, जे तापून बंद पडलं आहे. मग कुठला इशारा आणि कुठलं काय. सेन्सरच्या बोर्डाला स्वतंत्र सिम असलेला डोंगल आणि स्वतःची छोटी बॅटरी द्या. आणि उलटी व्यवस्थाही करा. बोर्डाने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला ‘मी आहे’ म्हणायचं, आणि पंधरा मिनिटं हाक आली नाही की त्या सर्व्हरने तुम्हाला फोन करायचा. ‘सगळं ठीक’ आणि ‘सांगायला कुणी उरलं नाही’ या दोन शांततांतला फरक याशिवाय ओळखता येत नाही.

फोन कुणाला, हेही लिहून ठेवा. रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: रात्री पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, किल्ली कुठे, आणि उष्णता हाताबाहेर गेली तर काय आधी बंद करायचं. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगआधी बिलिंगचा सर्व्हर की उलट, हे रात्री दोनला ठरवायचं नसतं.

साफसफाईचे दोन मुहूर्त धरा. एक होळीच्या आधी, कारण लगेच उन्हाळा. दुसरा खंडेनवमीला, नाहीतरी त्या दिवशी यंत्रांची पूजा होतेच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग जातं. आणि पूजा जरूर करा, पण झेंडूचा हार हवा घेणाऱ्या जाळीवर घालू नका आणि उदबत्ती रॅकच्या खाली लावू नका. दसऱ्यानंतर आठवडाभर तो हार तिथेच लोंबत असलेला पाहिला आहे, आणि मागचा पंखा हळदीकुंकवासकट ती सुकलेली पानं ओढायचा प्रयत्न करत होता.

सगळं एकदम जमणार नाही. एकच गोष्ट करायची असेल तर बाजार बंद असेल त्या दिवशी रॅकच्या वरच्या खणासमोर एक साधा थर्मामीटर टांगा, दुपारी तीनला कुलूप उघडा आणि आकडा वाचा. ३५ च्या वर असेल तर नवा एसी घेण्याआधी काचेचं दार काढा.